‘प्रसंगोपात’ या शब्दाची मर्यादा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या संस्थेच्या वधूवर सूचक मंडळाच्या नोंदणीपत्रकात जन्मवेळ, शिक्षण आणि वार्षिक प्राप्ती यांच्या खालोखाल ‘व्यसन’ असा एक रकाना आहे. मंडळाच्या कामाला काही वर्षे हातभार लावण्याची संधी मला मिळाल्यामुळे ही पत्रके पुष्कळ नजरेखालून गेली. त्या रकान्यात पूर्वी बहुधा ‘नाही’ एवढाच शब्द असे. अलीकडे त्याच्या शेजारी एक नवा शब्द येऊन बसला आहे : ‘प्रसंगोपात’. शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. तो अगदीच खोटा नसतो. आणि खरा किती आहे, हे विचारण्याचा संकोच सर्वांनाच वाटतो. मुलीचे वडील तो वाचतात, क्षणभर थबकतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. परंतु या एका शब्दाच्या पोटात एखाद्या मुलीचा सारा संसार दडलेला असू शकतो. म्हणून प्रसंगाने घेणे कोठे संपते आणि व्यसन कोठे सुरू होते, एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. तज्ज्ञांनी जे निश्चित केले आहे ते सोपे करून सांगावे, इतकाच माझा अधिकार.

‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत : वाईट सवय आणि संकट. आपण पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा विसरलो. त्यामुळे दारूच्या आहारी गेलेला मनुष्य आपल्याला केवळ दोषी दिसतो, संकटात सापडलेला दिसत नाही. युरोपातही पूर्वी हीच दृष्टी होती. १८०४ साली टॉमस ट्रॉटर या ब्रिटिश वैद्याने मद्यासक्ती हा मनाचा रोग आहे असे प्रतिपादन केले. १८४९ साली मॅग्नस हुस या स्वीडिश वैद्याने या विकाराला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिले. म्हणजे हा रोग आहे हा विचार काही कालपरवाचा नव्हे.

आता ‘किती घेतली म्हणजे व्यसन?’ हा नेहमीचा प्रश्न घेऊ. मापाचे ज्ञान असावे, कारण अज्ञानातून फसगत होते. तीस मिलिलिटर व्हिस्की अथवा रम यांत सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ज्याला लोक ‘क्वार्टर’ म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत हा आकडा सुमारे ६० ग्रॅम होतो. ‘बियर म्हणजे काही दारू नव्हे’ असे तरुण मुले म्हणतात. परंतु आठ टक्क्यांच्या कडक बियरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे व्हिस्कीच्या चार लहान मापांइतका मद्यार्क भरतो. यकृत हा मद्यार्क ताशी साधारण एका मापाच्या गतीनेच निचरून टाकते. लिंबूपाण्याने किंवा थंड स्नानाने ती गती वाढत नाही.

तथापि व्यसनाची सीमारेषा केवळ मापाने आखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सहा लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी तीन एकत्र दिसली तर परावलंबन समजावे असे म्हटले आहे. ती घरगुती भाषेत अशी : पिण्याची अनावर ओढ, केव्हा सुरू करावे, किती घ्यावी आणि कोठे थांबावे यावरचा ताबा सुटणे, न मिळाल्यास हात कापणे, घाम फुटणे, झोप उडणे, पूर्वीइतकीच गुंगी येण्यासाठी अधिक घ्यावी लागणे, इतर आवडी आणि कर्तव्ये मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे. सहा लक्षणांत बाटल्यांची संख्या कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रश्न ‘किती?’ एवढाच नसून ‘धनी कोण?’ असा आहे. जोवर मनुष्य पेल्याला नाही म्हणू शकतो तोवर तो धनी. पेला त्याच्या दिवसाचे वेळापत्रक आखू लागला की धनी बदलला.

यांतील चौथ्या लक्षणाबद्दल आपल्या समाजात मोठा गैरसमज आहे. ‘त्याला कितीही द्या, चढत नाही, पचवतो गडी!’ असे आपण कौतुकाने बोलतो. वस्तुतः मद्यार्क मेंदूला मंद करतो, आणि रोजचाच मारा झाला की मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवून त्याचा तोल सावरतो. यालाच आपण ‘पचवणे’ म्हणतो. ही शरीराची ताकद नसून धोक्याची पहिली घंटा आहे. मग एखाद्या दिवशी दारू मिळाली नाही की ती जादा उत्तेजना मोकळी सुटते आणि सकाळी चहाची कपबशी हातात थरथरू लागते.

दुसरा गैरसमज श्रावणाचा. ‘आमचे हे श्रावण कडक पाळतात, म्हणजे व्यसन नाही’ असे पुष्कळ भगिनी समाधानाने सांगतात. महिनाभर संयम राहिला ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो महिना कसा गेला, हेही पाहावे. चिडचीड, झोपेची तक्रार, दिवसांची मोजदाद, आदल्या गटारीला केलेली भरपाई आणि व्रत संपल्याच्या रात्रीची घाई, हे सर्व असेल तर व्रत पाळले गेले, परंतु ओढ तशीच राहिली.

घरच्या माणसांना एक साधी कसोटी वापरता येईल. जॉन ईविंग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचे चार प्रश्न १९८४ साली प्रसिद्ध झाले, ते आजही वैद्य विचारतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? कोणी त्याबद्दल बोलले तर राग येतो काय? नंतर अपराधी वाटते काय? सकाळी उठल्याबरोबर, हात स्थिर व्हावा म्हणून, घ्यावी लागली काय? दोन उत्तरे ‘होय’ आली तर वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

येथे कोणी म्हणेल, ‘मग सीमेच्या अलीकडे सारे निर्धास्त!’ तसेही नाही. मद्य हे कर्करोगाचे कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदले, आणि आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. शिवाय वरातीहून दुचाकीवर परतणाऱ्या तरुणाचा घात होण्यास व्यसनी असण्याची गरज नसते. एक रात्र पुरते.

हे संकट केवळ मजुरांच्या वस्तीतले, अशी समजूतही सोडावी. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांतील ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्याबाबत मदतीची गरज आहे. म्हणजे घेणाऱ्या तिघांमागे एक! गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा कोणी उनाड इसम नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे. अपमानाच्या क्षणी तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो, एवढाच ‘प्रसंग’. पुढे सोडण्याचा निश्चय करूनही तो पुन्हा पेल्याकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराला हे उमगले होते. आपण मात्र अजून पुन्हा घसरलेल्या माणसाला ‘नाटकी’ म्हणतो.

या रोगाचा सुमारे अर्धा वाटा आनुवंशिक असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. ज्यांच्या घरात वडील किंवा काका यात गेले, त्या मुलांनी ‘मी ताबा ठेवीन’ या भरवशावर पहिला पेला उचलू नये.

आता दोन धोक्याच्या सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. दोनतीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राण जाणे, असे प्रकार होऊ शकतात. बंद करावे, पण वैद्याच्या देखरेखीखाली. दुसरी सूचना भगिनींसाठी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींवरून भाजीत अथवा चहात औषध मिसळू नये. त्यांत डायसल्फिराम असेल आणि वर मद्य गेले, तर रक्तदाब एकदम उतरून जीव धोक्यात येतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते.

उपाय आहेत. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांनी एकमेकांना आधार देत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी केली; तिच्या सभा आज आपल्याकडेही भरतात आणि तेथे फी नसते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. शासनाची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे.

शेवटी, संस्थेने काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी. नोंदणीपत्रकातील ‘प्रसंगोपात’ हा शब्द काढून ‘आठवड्यातून किती दिवस, किती प्रमाणात?’ असा सरळ प्रश्न छापावा. लग्नघरी ‘आज आमच्यासाठी एकच’ असा आग्रह करण्याची प्रथा प्रत्येक कुटुंबाने बंद करावी. नको म्हणणाऱ्याचा शब्द हा शेवटचा शब्द मानावा. ज्यांच्याजवळ मोकळेपणाने बोलता येईल आणि जे दवाखान्यापर्यंत सोबत जातील, असे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया मंडळाने नेमाव्यात. त्यांच्या कानी पडलेले त्यांच्याजवळच राहावे. आणि जो सोडून परत आला त्याला पंगतीत, कामात आणि सोयरिकीत पूर्वीचे स्थान द्यावे. परत येणाऱ्याला दार बंद दिसले, तर तो दुसऱ्या दाराकडे जातो आणि ते दार रात्री उशिरापर्यंत उघडे असते.

आपल्या ज्ञातीत अशी किती घरे आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि करूही नये. ज्या घरात संध्याकाळी पावलांचा आवाज ऐकून मुले पुस्तके आवरतात, त्या घरातील माउलीला तिचे घर कोणते हे ठाऊक आहे. तिने हे पृष्ठ वाचले आणि लाज सोडून मदत मागितली, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.