ड्रायव्हरच्या शेजारची जागा

रोवणा आटोपला, बांधीतलं पाणी निवांत झालं, आता हातपाय जरा मोकळे असतील. म्हणून आज थोडं बसूनच बोलू. आणि बोलायचंही बसण्याबद्दलच आहे. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी जी जागा असते, त्या जागेबद्दल.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामसंघाच्या बाया. आमच्याकडे एक गाडी आहे. पूर्वी ती शाळेची बस होती, मुलांना ने-आण करायची. शाळेने ती विकायला काढली तेव्हा आमच्या गटांनी मिळून घेतली. मागची बाकं काढली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या बसवल्या. तांदूळ, पोहे, तिखट, हळद, पापड, मोहफुलांचे लाडू, सगळं त्यात बसतं. आज गोरेगावचा बाजार, उद्या सडक अर्जुनी, परवा देवरी. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा, महाशिवरात्रीला प्रतापगडची. असं आमचं हे फिरतं दुकान आहे.

जुन्या बसला दुसरं काम देणं ही काही नवी गोष्ट नाही. २०२० साली टाळेबंदीत एसटी महामंडळाने आपल्या जुन्या गाड्यांच्या मालगाड्या केल्या. पुण्यात २०१६ पासून शहर बसच्या भंगारात निघालेल्या गाड्यांमधून बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली, त्यांना नावच ‘ती’ असं दिलं. पण जुनी बस नवी करताना सगळ्यांचं लक्ष मागे असतं. किती माल मावेल, मांडणी किती उंच होईल, दिवा कुठे लागेल. पुढे काय, हे कोणी विचारत नाही. पुढे ड्रायव्हर आहे, झालं.

आमच्याकडेही मिस्त्रीने कागदावर आखणी काढून आणली. आखणी सुरेख होती. माल होता, खिडकी होती, वजनकाट्याला ओटा होता, ड्रायव्हरची सीट होती. बाईला जागा नव्हती. आम्ही विचारलं, “गाडीबरोबर जी बाई जाईल ती बसेल कुठे?” मिस्त्री म्हणाला, “इंजिनाची पेटी आहे ना ताई. वर गोधडी टाका.”

बायांनो, ही इंजिनाची पेटी तुम्हाला माहीत आहे. जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ती असते. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास गेला की आतून इंजिन आणि वरून टप, दोन्हीकडून भाजून निघतं. पाठ टेकायला काही नाही. पाय ठेवायला जागा नाही. हाताने धरायला काही नाही, कारण हातात पैशाची पेटी आणि हिशेबाची वही असते.

यावर बैठकीत बोलणं झालं. काही जणी म्हणाल्या, आपल्याला सवय आहे, जमिनीवर बसतो, पाटावर बसतो, ट्रॉलीत उभं राहून रोवण्याला जातो, मग सीटवर पैसा कशाला? तेवढ्यात दोन पोती तांदूळ जास्त येतील. हे म्हणणं काही चुकीचं नव्हतं. गटाचा पैसा एक एक रुपया करून जमतो. तेव्हा आमच्या एक मावशी उठल्या. वय साठीच्या पुढे, पण हिशेबात पक्क्या. त्या म्हणाल्या, “पोतं पडू नये म्हणून पोत्याले दोर बांधता. मंग मले काहून नाही बांधत?”

सगळ्या हसल्या, आणि मग गप्प झाल्या.

मावशींच्या बोलण्यात किती खरं होतं, ते शाळेतल्या गणिताने कळतं. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर जाते. समोर गाय आली आणि ड्रायव्हरदादाने कचकन ब्रेक लावला, तर गाडी थांबते, आपण थांबत नाही. आपलं अंग त्याच वेगाने पुढे जातं, आणि समोर काच असते. त्या वेगाने काचेवर आदळणं म्हणजे सुमारे २० फुटांवरून खाली पडण्यासारखं आहे. दुमजली घराच्या छतावरून कोणी आपल्याला ढकललं तर जे होईल ते. आणि ४० चा वेग म्हणजे काही फार नाही. कोहमाऱ्याला मोठ्या रस्त्यावर चढलो की आजूबाजूचे ट्रक त्याच्या दुपटीने जातात.

पण आमच्यासाठी याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. स्वतःची गाडी येण्याआधी आम्ही भाड्याच्या गाडीने माल न्यायचो. तेव्हा गाडीबरोबर कोण जायचं? दोघीच. त्या दोघी धडधाकट, लेकरं मोठी झालेली. बाकीच्या का नाही जायच्या? एकीची कंबर धरलेली. एकीला दिवस गेलेले. एकीचे गुडघे दुखायचे. एक नुकतीच बाळंतीण होऊन माहेरून परतलेली. त्यांना बाजार कळत नव्हता असं नाही. भाव करण्यात तर त्या चार पावलं पुढे होत्या. पण दोन-अडीच तास पेटीवर बसून धक्के खाणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणजे बाजाराला कोण जाणार, पैसा कोणाच्या हातात येणार, गिऱ्हाइकाशी कोण बोलणार, हे आमची बैठक ठरवत नव्हती. ते ठरवत होती बसायची जागा.

हे कळलं तेव्हा आम्ही ठरवलं की एक मांडणी कमी झाली तरी चालेल, पण ड्रायव्हरच्या शेजारी चांगली सीट हवीच. आज आमच्या नऊ जणी आळीपाळीने गाडीबरोबर जातात. कंबरवाली काकूही जाते.

आता ही सीट कशी करून घ्यायची ते सांगतो. तुमच्या गटाची गाडी असेल, किंवा उद्या होणार असेल, तर हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, जागा. आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे शेजारची सीट डावीकडे. पण शाळेच्या पुष्कळ बसना चढायचं दार डावीकडे पुढेच असतं. दाराच्या पायऱ्यांवर फळी टाकून त्यावर सीट ठेवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. दार अडलं तर आग लागल्यावर उतरणार कुठून? पायऱ्या सोडून त्यांच्या मागे सीट घ्यावी, आणि सीटपुढे मजबूत आडवा दांडा लावावा, म्हणजे पाय पायऱ्यांत जाणार नाही. आणखी एक पाहायचं. सीटवर बाई बसलेली असताना ड्रायव्हरदादाला डावीकडचा आरसा पूर्ण दिसतो का, गिअरचा दांडा नीट फिरतो का? मिस्त्रीच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्यातल्या एकीला बसवून पाहा.

दुसरी गोष्ट, माप. सीट बहुतेक पुरुषाच्या मापाची असते. आपण बसलो की पाय लोंबकळतात, मांडीखालची शीर दाबली जाते आणि तासाभरात पायाला मुंग्या येतात. दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत. नसतील टेकत तर पायाखाली घट्ट बसवलेली फळी घ्या, सुटा पाट नको. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. पाठ अगदी ताठ नको, जराशी मागे कललेली हवी. फोम दाबून पाहा. बोट तळाला लागलं तर तो फोम बसलेला आहे, त्याचा उपयोग नाही. वर रेक्झिन असेल तर मे महिन्यात चटका बसतो आणि घाम सुटतो, म्हणून सुती कव्हर शिवा. शिवणकाम तर आपल्याच हातचं आहे. इंजिनाची पेटी शेजारी असेल तर तिच्यावर उष्णता अडवणारं जाड अस्तर लावून घ्या.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सीट कशाला धरली आहे? बसचा तळ म्हणजे वर पत्रा किंवा प्लायवूड, आणि खाली लोखंडी आडवे बार. नुसत्या पत्र्याला स्क्रूने लावलेली सीट जोराच्या ब्रेकला पत्र्यासकट उपटून येते. सीटचे बोल्ट खालच्या लोखंडी बारापर्यंत गेले पाहिजेत. त्याखाली रुंद जाड पट्टी हवी, आणि आपोआप सैल न होणारा नट हवा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो, तो मजबूत बोल्टचा आकडा. दुकानात तो बघून मागा. कोणी म्हणेल, घरातली प्लास्टिकची खुर्ची तारेने बांधू, किंवा लोखंडी स्टूल वेल्डिंग करू. दोन्हीला नाही म्हणा. भंगारातल्या दुसऱ्या गाडीची सीट घ्यायची असेल तर तिची खालची पट्टी आणि नटबोल्टची जागा बघून घ्या. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीची तार काढायला लावा आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते पाहा.

चौथी गोष्ट, पट्टा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने १९५९ साली तो तयार केला, आणि जगभर त्याने माणसं वाचवली. पट्ट्याचं वरचं टोक गाडीच्या मजबूत खांबाला हवं, पत्र्याला नाही. तसा खांब जवळ नसेल तर पट्टा सीटमध्येच असलेली सीट मिळते, ती घ्या. अपघात झालेल्या गाडीचा पट्टा कधी घेऊ नका, तो एकदा ताणला गेलेला असतो. बसल्यावर खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. वरचा पट्टा मानेला घासू नये, खांद्याच्या मधोमध यावा. दिवस गेलेल्या बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. पदराची गुंडाळी पट्ट्याखाली नको, ती आधी सरळ करा.

पाचवी गोष्ट, कागद. इथे आपण बाया घाबरतो, पण घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलं आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर आरटीओची मंजुरी लागते, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. शाळेच्या बसची मालाची गाडी करणं हा मोठा बदल आहे आणि सीटची संख्याही आरसीवर असते. म्हणून दोन्हींचा अर्ज एकदमच करा. आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. आपल्या गाडीचा नंबर एमएच ३५, आणि आरटीओ गोंदियालाच आहे. आधी मंजुरी, मग मिस्त्री. परवानगीविना बदल केला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यवसायाच्या गाडीची पासिंग दर वर्षी असते, तेव्हाही सीट पाहिली जाते. विमा कंपनीलाही लेखी कळवा. कागदावर जागाच नसलेल्या सीटवर बसलेल्या बाईला इजा झाली तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो. आणि पुढच्या सीटवर पट्टा न लावण्याचा दंड एक हजार रुपये आहे, तेवढ्यात एक चांगलं कव्हर शिवून होतं.

पैशाचं म्हणाल तर तीन मिस्त्र्यांकडून लेखी अंदाज घ्या. सीट, पट्टा, नटबोल्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. बैठकीत तो कागद वाचून दाखवा आणि ठराव इतिवृत्तात लिहा. ठरावात ‘आरामासाठी सीट’ असं लिहू नका. ‘गाडीबरोबर जाणाऱ्या सदस्येच्या कामाची जागा’ असं लिहा. कारण ती तशीच आहे. ड्रायव्हरच्या सीटला कोणी चैन म्हणत नाही.

राज्य सरकारने २०११ साली शाळेच्या बससाठी नियम केले. त्यात मुलींना नेणाऱ्या बसमध्ये बाई मदतनीस हवी असं आहे. आपल्या गावांतल्या किती तरी बाया हे काम करतात. शेजारच्या शाळेची बस दारात थांबली की एकदा आत डोकावा. ती ताई कुठे बसते? दारातल्या स्टुलावर असेल तर शाळेच्या पालक सभेत हा विषय मांडा. लेकरं तिच्या भरवशावर जातात, तिचीही सीट पक्की हवी.

बायांनो, आपल्याकडे पाहुण्याला खुर्ची आणि घरच्या बाईला उंबरा, अशी रीत आहे. घरात ती चालते म्हणून गाडीतही चालवायची गरज नाही. या महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न घ्या. आपल्या गटाचं काम जिथे जिथे चालतं, गिरणीवर, दुकानात, गाडीत, तिथे काम करणारी बाई बसते कुठे? ज्या जागेवर गोधडी टाकून भागवलं आहे, ती आधी लिहून काढा. मग एकेक करून बदला.

चला, येतो आम्ही. उद्या नवेगावबांधच्या बाजाराला गाडी निघायची आहे, आणि पुढच्या सीटवर जायची पाळी कंबरवाल्या काकूची आहे. रामराम.