मुलांचा पेटारा



कामगार चळवळीतल्या माणसाने पगारावर आणि बोनसवर बोलावे, अशी रीत आहे. मी संयोजकांना म्हटले, यंदा मला मुलांच्या खेळण्यांवर बोलू द्या. त्यांना ती थट्टा वाटली. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आठवीत शाळा सुटली, पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने शिकवले. पण ज्या घरातली दोन्ही माणसे पाळीला जातात, त्या घरातले मूल दिवसभर काय करते, हा प्रश्न कामगाराचाच आहे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील साच्यावर कामाला. हात रिकामे ठेवून बसणे त्यांना जमेना. घरात मोडक्या लाकडी बॉबिनी पडल्या होत्या. करवतीने त्यांच्या चकत्या पाडून त्यांनी आगगाडी केली. चाळीतली पोरे जमली. आई मात्र चिंध्यांना हात लावू देईना, त्या गोधडीच्या. शेवटी तह झाला: वितीएवढी चिंधी गोधडीची, त्याहून लहान ती मुलांची. आयुष्यात मी पाहिलेला हा पहिला करार, आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला!

तेव्हापासून माझे मत असे, की खेळणे विकत आणण्याआधी घरात एक पेटारा असावा. खोके चालेल. रिकामी रिळे, करवंट्या, सुतळी, जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रे, चिंध्या त्यात पडत जाव्यात. खळ घरीच शिजवावी, पण थोडी, दोन दिवसांपुरती. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खळीत चुकूनही नको. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे मणी, बिया ठेवू नयेत.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक युक्ती सांगतो. ती माझी नव्हे. अरविंद गुप्ता हे टेल्कोतले इंजिनिअर १९७८ साली वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तेथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. तिचा लहानसा तुकडा आगकाडीवर घट्ट बसतो, की झाला सांधा! काड्यांचा गूल आधी मोठ्या माणसाने खरवडून टाकावा. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने दाबताच तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. कारखान्याच्या पत्र्याखाली लोखंडी कैच्या असतात, त्यांत त्रिकोणच त्रिकोण का, हे मला वयाच्या चाळिशीत या काड्यांनी शिकवले. तोवर मी त्या कैच्यांखाली उभा राहून शेकडो भाषणे केली होती!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हेच ओळखले होते. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. त्यांनी पाने, बिया, शंखशिंपले वापरले.

आता मुख्य गोष्ट. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले, १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. एका कारखान्यात, नाव घेत नाही, असे पाळणाघर होते. काचेच्या कपाटात नवी खेळणी आणि कपाटाला कुलूप. इन्स्पेक्टर यायचा असला की कुलूप निघे. एरवी मुले काचेला नाक लावून उभी! बायकांनी तक्रार आणली. उत्तर मिळाले, मोडतील. मी हा विषय वाटाघाटीत घ्यायचे कबूल केले आणि दोनदा मागे ठेवला. महागाई भत्त्यापुढे मला तो लहान वाटला. हे सांगताना आज संकोच होतो.

तिसऱ्या खेपेस बायका माझ्यासाठी थांबल्या नाहीत. पॅकिंग खात्यातले पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळी त्यांनी रीतसर मागून घेतली आणि बिनझाकणाच्या खोक्यात घालून मुलांच्या हाताशी ठेवली. आठ दिवसांत पुठ्ठ्याचा किल्ला उभा राहिला, पाडला गेला, पुन्हा उभा राहिला. काचेचे कपाट तेथेच आहे. त्याच्यावर बायका आता जेवणाचे डबे ठेवतात.