शिंपल्याच्या भिंतीतला भाडेकरू



पत्रिकेवर विषय वाचून काहींनी नाक मुरडलं असेल. किडे, तेही शिंपल्यातले, आणि तेही रात्रीच्या जेवणाआधी! पण समोर टेबलावर कालवाचं एक रिकामं कवच ठेवलं आहे. व्याख्यान संपलं की ते हातात घेऊन जरूर बघा. कडेजवळ टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं अगदी चिकटून दिसतील. ही एकाच घराची दोन दारं. आतला बोगदा एका दारातून कवचात शिरतो, वळतो आणि दुसऱ्या दाराशी परत येतो.

या घरात राहणारा किडा म्हणजे पॉलिडोरा, गांडुळाच्या दूरच्या नात्यातला. लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. कालव पाण्यात असलं की हा दारातून दोन लांब मिशा बाहेर काढतो आणि पाण्यातले, गाळातले कण टिपून तोंडाकडे नेतो. त्याच्या पाचव्या वलयावर जाड, राकट काटे असतात. साहजिकच अभ्यासकांना वाटलं, हीच त्याची पहार. पण काटे काढून टाकले तरी तो पोखरतोच, असं प्रयोगात दिसलं. मुख्य काम अंगातून पाझरणाऱ्या, चुना विरघळवणाऱ्या स्रावाचं. काट्यांचा नेमका वाटा किती, यावर अजून वाद आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा किडा कालवाचं मांस खात नाही. मालकाच्या ताटाला हात न लावणारा पण भिंती खिळखिळ्या करणारा भाडेकरू म्हणा हवं तर. बोगदा आतल्या बाजूला फुटला किंवा किड्याने कडेशी गाळ भरला, की कालव त्यावर पातळ थर चढवून ती जागा बंद करतं. आत चिखल, वर पापुद्रा, असा काळपट फोड तयार होतो. या डागडुजीत कालवाची ताकद खर्च होते, ते रोडावतं आणि कवच ठिसूळ होतं. उघडताना सुरी फोडाला लागली की चिखल मांसावर सांडतो, वास येतो. अर्ध्या शिंपल्यात कच्चं कालव वाढणाऱ्या हॉटेलांत असा माल कोण घेणार? माणसाला त्यापासून अपाय नाही, पण बाजारात आधी डोळे खातात.

किड्याचा संसारही बघण्यासारखा आहे. मादी बोगद्याच्या आतल्या भिंतीला अंड्यांच्या पिशव्यांची माळच लावते. काही जातींत पिशवीतली काही अंडी फक्त भावंडांच्या पोटासाठी असतात. बाहेर पडलेली पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि मग नवं कवच शोधतात. शिवाय समुद्रात मेलेल्या शिंपल्यांचा चुना परत पाण्यात मिसळायला असे पोखरणारे हातभार लावतात. तेव्हा त्याला सरसकट खलनायक ठरवायला मी तयार नाही.

त्याला उपद्रवी केलं ते आपण. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या खाड्यांत एकोणिसाव्या शतकात कालवं कायम पाण्याखाली, तळावर वाढत. शतकाच्या शेवटच्या दशकांत ती भराभर मरू लागली. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे थॉमस व्हाइटलेग यांनी १८९० मध्ये या किड्यावर अहवालच लिहिला. न्यूझीलंडहून आणलेल्या कालवांबरोबर किडा आला, असा संशय आहे. काठावरची झाडं तोडल्याने वाढलेल्या गाळालाही काही जण दोष देतात. तळावरचा तो धंदा पुन्हा उभा राहिलाच नाही. लोकांनी कालवं उचलली आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, काठ्यांवर आणि ट्रेमध्ये वाढवायला घेतली. ओहोटीला कालव कवच घट्ट मिटून तासन्तास काढतं, किडा मात्र कोरडा पडतो. लागण झालीच, तर कालवं आठवडा-दहा दिवस सावलीत पाण्याबाहेर ठेवायची. औषध नाही, फवारणी नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने या किड्याची झळ उशिरा अनुभवली. तिथे पॉलिडोरा वेबस्टेरी ही जात २०१७ च्या नमुन्यांत पहिल्यांदा ओळखली गेली आणि एका खाडीत निम्म्याहून अधिक कालवं पोखरलेली निघाली. आपल्याकडेही ही कथा नवी नाही. तुतिकोरिनजवळ वेप्पलोडैला तराफ्यांना टांगलेल्या मोत्यांच्या कालवांवर १९७० च्या दशकातच पोखरणारे किडे आणि स्पंज नोंदले गेले.

आता कोकण. आपल्या खडकांवरची कालवं, जी बायका ओहोटीला जाऊन फोडतात, ती दिवसातून दोनदा उघडी पडतात. निसर्गाने न्यू साउथ वेल्सचा उपाय त्यांना फुकट दिला आहे. पण सिंधुदुर्गात बचत गटांच्या महिलांनी खाडीत कालवं टांगून वाढवून पाहिली आहेत. टांगलेलं कालव चोवीस तास पाण्यात राहतं, म्हणजे किड्याला निवांत घर मिळतं.

म्हणून मत्स्यखात्यातल्या मंडळींना आणि या भगिनींना माझी विनंती आहे. दुसऱ्या खाडीतून कालवांचं बी, म्हणजे पिल्लं, आणताना त्यातली चार कवचं फोडून आत काळे फोड आहेत का ते बघा, आणि टोपल्या अशा बांधा की त्या अधूनमधून पाण्याबाहेर काढता येतील.