कामाची सायकल आणि शर्यतीची सायकल



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. आज आम्ही सायकलीवर बोलणार आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळी गालातल्या गालात हसली, ते आम्ही पाहिले. हसण्यास हरकत नाही. परंतु पहाटे साडेपाचला भोसरी किंवा चाकणचा रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला हा विषय हसण्यावारी नेता येणार नाही. पुष्कळ कारखान्यांची बस कायम कामगाराला घेऊन जाते. कंत्राटी कामगाराने आपली सोय आपण पाहावी, असा शिरस्ता पडला आहे. शिफ्टचा भोंगा मात्र दोघांनाही एकच असतो.

गेल्या वर्षी आमच्या पतपेढीकडे एका तरुण कामगाराचा कर्जासाठी अर्ज आला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले होते : रेसिंग सायकल. घर ते कारखाना अंतर नऊ किलोमीटर. आमच्या समितीतील जुन्या मंडळींनी अर्ज पाहून डोक्याला हात लावला. एकजण म्हणाले, "आमच्या वडिलांनी चोवीस इंची काळ्या सायकलीवर जन्म काढला, याला कशाला शर्यत हवी?" दुसऱ्यांचे म्हणणे असे की, आता काळ बदलला, जी सर्वांत सुधारलेली तीच घ्यावी. आम्हांला दोन्ही मते पटली नाहीत. का, ते सांगतो.

शर्यतीची सायकल म्हणजे सर्वांत सुधारलेली सायकल, हा समजच मुळी तपासून पाहण्यासारखा आहे. ती सुधारलेली आहे खरी. पण एका विशिष्ट खेळाच्या नियमांपुरती. फ्रान्समधील सुप्रसिद्ध टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. पण धावत्या सायकलीची साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणाऱ्या गिअरला तेथे १९३७ साली परवानगी मिळाली. साधे प्रवासी, पाठीवर सामान टाकून डोंगर चढणारे हौशी लोक, हे गिअर त्यापूर्वी कितीतरी वर्षे वापरत होते! १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रेलून बसून चालवायची सायकल शर्यतीतून बाद केली. ती वेगवान ठरली, हाच तिचा गुन्हा. २००० सालापासून शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये असा नियम आहे. तेव्हा शर्यतीच्या सायकलीचे रूप हे बरेचसे पंचांनी ठरवलेले रूप आहे. आमच्या कामगाराच्या रस्त्यावर पंच नसतात, खड्डे असतात.

आता हिशेब पाहू. नऊ किलोमीटर अंतर ताशी १५ किलोमीटरने तोडायला ३६ मिनिटे लागतात. सिग्नल, ट्रक, रेल्वेचा पूल हे सर्व धरून शर्यतीच्या सायकलीवर सरासरी १८ पडली, तर ३० मिनिटे. वाचली सहा मिनिटे. मोकळ्या रस्त्यावर ३० चा वेग घेता येईल, असे कोणी म्हणेल. पण वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की केवळ वारा कापायलाच आठपट शक्ती लागते. पाठ मोडून, हात खाली घालून बसण्याची ती बैठक याचसाठी काढलेली. ताशी १५-१८ च्या वेगाला तिचा उपयोग थोडा, आणि मागून येणाऱ्या कंटेनरकडे मान वळवून पाहायचे झाले तर अडचण अधिक.

चाके पाहा. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५-२८ मिलिमीटर रुंद. त्यात हवा इतकी ठासून भरावी लागते की खडी लागली की हाडे बोलतात. तिच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा बारीक, फ्रेंच घाटाचा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. मधला जोड खिशात नसला तर तो बिचारा नुसता बघत राहतो. एका पंक्चरला अर्धा तास गेला की पाच दिवस वाचवलेली सहा-सहा मिनिटे तेथेच संपली. आणि आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात तीन उशिरांना अर्धा रोज कापतात. शिवाय पुष्कळ शर्यतीच्या सायकलींना मडगार्ड बसवायला जागा नसते, कॅरियर लावायला भोक नसते. म्हणजे जुलैमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा, आणि जेवणाचा डबा खांद्यावर.

मग जुनी काळी सायकल बरी? तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. तिने या शहराला सायकलींचे शहर हे नाव मिळवून दिले. दुधाच्या किटल्या, गॅसची टाकी, पुढे दांडीवर मूल आणि मागे बायको एवढा संसार वाहिला. पण आदर वेगळा आणि चढ वेगळा. तिचे वजन वीस किलोच्या घरात, गिअर एकच. साठ किलोचा माणूस तिच्यावर बसला की ऐंशी किलो. नऊ किलोच्या सायकलीवर बसला की एकोणसत्तर. चढावर हा फरक मांड्यांना कळतो. आणि पावसात लोखंडी रिम ओली झाली की तिचे दांडीचे ब्रेक केवळ समाधानापुरते उरतात. ज्यांना ती स्वतः चालवावी लागत नाही, तेच तिचे गोडवे अधिक गातात, असा आमचा अनुभव आहे.

हे सर्व आम्ही त्या तरुणाला समोर बसवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, आठ तास मी मशीनपुढे एका जागी उभा असतो. मशीन म्हणेल तसा हात हलवतो. घरी गेलो की घरचे. जाता-येता सायकलीवर असतो तेवढाच वेळ माझा असतो. तो पण डब्याच्या हिशेबानं काढायचा का?"

मंडळी, याला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. गरिबाने सोयीची वस्तू घ्यावी आणि हौस ज्यांना परवडते त्यांच्यावर सोपवावी, हा उपदेश आम्ही मालकांच्या तोंडून पुष्कळ ऐकला आहे. तोच युनियनच्या कचेरीत बसून पुन्हा करण्याची आमची इच्छा नाही. परंतु कर्ज एकाच सायकलीचे मिळणार होते आणि ती बाराही महिने, रात्रपाळीलासुद्धा, चालवायची होती. तेव्हा आम्ही आमच्या हिशेबात त्याचा रकाना वाढवला : चालवताना आनंद झाला पाहिजे.

त्या हिशेबाने जी सायकल निघते ती बाजारात मिळते. दुकानदार तिला हायब्रिड म्हणतात. वजन तेरा-चौदा किलो, टायर ३५ ते ४० मिलिमीटर, हँडल सरळ, म्हणजे नजर रस्त्यावर. मागच्या चाकाला सात गिअर पुरेत. एकवीस गिअरांची जाहिरात असते, त्यांतले निम्मे एकमेकांचेच काम करतात. मडगार्ड आणि कॅरियरसाठी भोके आहेत की नाहीत, हे रंगाच्या आधी पाहावे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा घ्यावा. त्यात काटकसर करू नये. कुलूप जड घ्यावे. डि सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा १९४८ सालचा चित्रपट आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. सायकल गेली की कामगाराची नोकरी कशी जाते, ते त्यात रोमच्या रस्त्यांवर दाखवले आहे. महागड्या सायकलीकडे चोराचे लक्ष आधी जाते, हेही लक्षात घ्यावे.

त्या तरुणाने आठवडाभर दुकाने पालथी घातली आणि निळ्या रंगाची हायब्रिड घेतली. ती घेताना त्याने मडगार्ड काढून ठेवले होते. पहिल्या पावसानंतर ते पुन्हा बसले.

सायकल निवडणे कामगाराच्या हाती आहे. ती ठेवायची कोठे, हे मात्र त्याच्या हाती नाही. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते काम या वाटेवरील अपघात, कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरावा असे ठरले. कायद्याने वाट कामात धरली; पण कारखान्याच्या फाटकात मोटारसायकली छपराखाली आणि सायकली कुंपणाला टेकून उन्हात, असे दृश्य आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. उन्हाने सीट तडकते, पावसाने साखळी गंजते. म्हणून एका कारखान्यातील मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली : सायकलींवर छप्पर आणि भिंतीला एक हवेचा पंप. छपराला व्यवस्थापनाने होकार दिला आहे. पंपाची बोलणी पुढच्या बैठकीत व्हायची आहेत.