फळा आणि फाळ

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवीत. बढती दुसऱ्याला मिळाली, तशी नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकली विकू लागले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. पण गिऱ्हाईक फिरकेना! लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली.

आम्ही मास्तर लोक लगेच म्हणू, ‘अडाणीपणा!’ मला तसे वाटत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर, तो अवजार पारखूनच घेणार. वर्गात पोरे मुकाट ऐकतात. बांधावर नांगर चालवून दाखवावा लागतो.

१९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना निघाला, तेव्हा लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठली होती.