रॉटरडॅम : दीड दिवस, अप्पा आणि क्रेन

आजचा भाग रॉटरडॅमवर. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की ॲमस्टरडॅमला गेलो तर एखादा दिवस काढून रॉटरडॅमला जावं का? माझं उत्तर आहे, जावं. पण कालवे, जुनी घरं, फुलांचा बाजार असलं काही डोक्यात धरून जाऊ नका. तसलं तिथे जवळजवळ काही उरलेलं नाही, आणि का उरलं नाही ते आधी सांगते.

१४ मे १९४०. दुपारची वेळ. शरणागतीची बोलणी चालू होती आणि तेवढ्यात जर्मन विमानं आली. बॉम्ब पडले ते पडलेच, पण खरं नुकसान केलं त्यानंतरच्या आगीने. शहराचा मधला भाग बेचिराख झाला. साडेआठशेच्या वर माणसं गेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली. दुसऱ्या दिवशी डच सैन्याने शरणागतीवर सही केली. आग जिथपर्यंत पोचली होती ती हद्द आज फुटपाथमध्ये गोल दिवे बसवून दाखवली आहे. आपण खरेदीच्या पिशव्या घेऊन चालत असतो आणि पायाखाली हे दिवे असतात. पहिल्यांदा लक्षातच येत नाही.

तर या वेळी माझ्याबरोबर अप्पा होते. माझे वडील, वय वर्षं ७७. मुंबईच्या गोदीत, इंदिरा डॉकला, क्रेन ड्रायव्हर म्हणून आयुष्य गेलं. धाकट्या भावाकडे डेल्फ्टला आले होते आणि आल्यापासून एकच धोशा, "मला बंदर दाखव." मी म्हटलं, "अप्पा, आधी शहर बघू या, मग बंदर." नाराजीनेच हो म्हणाले.

डेल्फ्टहून ट्रेनने पंधरा मिनिटं. ॲमस्टरडॅमहून येणार असाल तर वेगवान गाडीने पाऊण तास धरा. स्टेशनच बघण्यासारखं आहे, २०१४ चं, एका बाजूला झुकलेलं मोठं छप्पर. मेट्रो-ट्रामसाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, आपलं बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं. फक्त उतरताना परत टॅप करायला विसरू नका. मी एकदा विसरले आणि भुर्दंड बसला.

पिवळी घनाकृती घरं, म्हणजे क्यूब हाऊस, सगळे फोटोत बघतात. पीट ब्लॉम नावाच्या आर्किटेक्टने १९८४ मध्ये पूर्ण केली. ठोकळा एका कोपऱ्यावर उभा करावा तसं प्रत्येक घर. एक घर तिकीट काढून आतून बघता येतं. भिंती तिरक्या, जिना उभा. अप्पांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते खालीच बसले. मी वरून आल्यावर म्हणाले, "कपाट कुठे ठेवतात गं?" प्रश्न बरोबर होता. बहुतेक फर्निचर मापाने बनवून घ्यावं लागतं.

समोरच मार्केट हॉल. घोड्याच्या नालेसारखी प्रचंड कमान, पोटात बाजार, आणि त्या कमानीतच लोकांचे फ्लॅट. छताला भलीमोठी फळं-भाज्या रंगवलेल्या. बघून घ्या, पण जेवायला तिथे थांबू नका, महाग आहे. आम्ही एका सुरिनामी खाणावळीत रोटी खाल्ली. १८७३ पासून जे भोजपुरी मजूर जहाजाने सुरिनामला नेले गेले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांबरोबर ही रोटी हॉलंडला आली. बटाटा, चिकन, उकडलेलं अंडं आणि चवळीच्या शेंगा. अप्पांनी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

दुपारी झाडकिनचा पुतळा बघायला गेलो. १९५३ चा. हात वर केलेला माणूस, आणि छाती-पोटाच्या जागी भोक. शहराचं काळीज काढून घेतलं, असा अर्थ. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे १४ एप्रिल." मला क्षणभर कळलं नाही. १९४४ चा व्हिक्टोरिया डॉकचा स्फोट, फोर्ट स्टिकिन जहाज, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र. माझे आजोबा तेव्हा मस्जिद बंदरला हमाली करायचे. त्या दिवशी ते तापामुळे कामावर गेले नाहीत, एवढंच घरात सांगितलं जायचं. त्यांच्या टोळीतल्या कुणाचं काय झालं ते आजोबा कधी बोलले नाहीत. हे अप्पांनी मला तिथे, त्या पुतळ्यासमोर सांगितलं. ४९ वर्षांत पहिल्यांदा.

पुतळ्याला लागूनच जुना धक्का आहे. तिथे सागरी संग्रहालयाच्या जुन्या बोटी आणि क्रेन उभ्या करून ठेवल्यात. माझा सगळा कार्यक्रम इथे कोलमडला. अप्पा तासभर हलेनात. ही कशी फिरायची, हूक कुठून यायचा, खालचा माणूस हाताने कशा खुणा करायचा, सगळं मला करून दाखवलं. दोन डच पोरं थांबून बघत होती.

दुसऱ्या दिवशी बंदर. इरॅस्मस पुलाच्या पायथ्याशी बोटीच्या फेऱ्या सुटतात, सव्वा तासाच्या, छान असतात. पण लक्षात घ्या, हे बंदर शहरापासून समुद्रापर्यंत जवळजवळ चाळीस किलोमीटर पसरलंय, आणि बोट त्यातला थोडाच भाग दाखवते. आम्ही उलट केलं. मेट्रोची बी लाइन पकडून थेट हूक व्हान हॉलंडला गेलो, अगदी समुद्रापर्यंत. १८७२ मध्ये खोदून पूर्ण केलेला जलमार्ग तिथे समुद्राला मिळतो. बाकावर बसायचं, समोरून जहाजं जातात, फुकट. वारा मात्र भयंकर, कानटोपी न्याच.

पलीकडे मासव्लाक्टेच्या क्रेन दिसत होत्या. समुद्रात भर घालून केलेली जमीन. मी वाचून ठेवलं होतं ते सांगितलं, की तिथल्या एका नव्या टर्मिनलवर क्रेनच्या केबिनमध्ये माणूस नसतो, तो लांब ऑफिसात स्क्रीनसमोर बसतो. खाली कंटेनर नेणाऱ्या गाड्यांनाही ड्रायव्हर नाही.

अप्पा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, उगाच सांगितलं. न्हावा शेवा सुरू झाल्यावर मुंबई गोदीतलं काम कसं आटत गेलं, ते मी लहानपणी घरात पाहिलंय. ओव्हरटाइम बंद झाला तो महिनाही आठवतो.

थोड्या वेळाने म्हणाले, "खाली बघून बघून माझी मान गेली. त्यांची वाचली." मग परत गप्प. एक भलं मोठं जहाज आत वळत होतं, ते पार दिसेनासं होईपर्यंत आम्ही बसलो. उठताना म्हणाले, "पण वाऱ्यात कंटेनर कसा झोकतो ते स्क्रीनवर कळतं का गं?"

भावाने कुणाला तरी विचारून सांगतो म्हटलंय. कळलं की पुढच्या भागात सांगेन. तुमच्यापैकी कुणी बंदरात काम केलं असेल, तर मला जरूर लिहा, अप्पांना वाचून दाखवते. भेटू पुढच्या रविवारी.