टाकी बांधल्यानंतर



आम्ही युनियनची माणसे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता झाले. संप उभा करणे एकवेळ सोपे, पण संपानंतर संघटना टिकवणे महाकठीण, एवढे मात्र आम्ही शिकलो. सार्वजनिक कामांचेही तसेच आहे. उद्घाटनाला हारतुरे असतात. पंपाचा वायसर गेला की तो आणायला कोणी सापडत नाही.

आमच्या कामगार वस्तीत आम्ही श्रमदानाने पाण्याची टाकी बांधली. दुरुस्तीसाठी पैसा मात्र बाजूला ठेवला नाही. पाचव्या वर्षी ती गळू लागली, आणि बायाबापड्या पुन्हा हंडे घेऊन दूरच्या नळावर रांगेत उभ्या राहिल्या. ही चूक सर्वस्वी आमची.

त्यानंतर आम्ही पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीची माहिती मिळवली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी हे काम उभे केले. साळुंखे हे पुण्याचे कारखानदार. कारखानदाराची स्तुती आमच्या तोंडून सहसा निघत नाही, पण येथे इलाज नाही! पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचे. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. ऊस लावायचा नाही. पाणी वाटायला पाटकरी नेमायचा. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा.

गरिबाकडून पैसे कशाला, असे आम्हांलाही प्रथम वाटले. मग युनियनची सभा आठवली. वर्गणी भरलेला सभासदच तेथे उठून विचारतो, 'पैसे कुठे गेले?' फुकट मिळालेल्या टाकीचा हिशेब कोण विचारणार? आमच्या टाकीचा कोणीही विचारला नव्हता.

सगळ्याच पाणी पंचायती टिकल्या असे नाही. साळुंखे २००२ मध्ये वारले. कार्यकर्ता गेला की नियम पाळायला लावणारे दुसरे कोणी हवे, आणि असे माणूस घडवायला वर्षे लागतात.

गेल्या वर्षी आम्ही टाकी पुन्हा बांधली. या खेपेस घरटी महिना दहा रुपये ठरले. वही दोन बायकांच्या हाती आहे. टाकीची किल्लीही त्यांच्याकडेच. तीन घरांची बाकी थकली आहे, त्यांत एक घर आमच्या सख्ख्या भावाचे. येत्या रविवारी त्या दोघी वही घेऊन त्याच्या दाराशी जाणार आहेत, आणि आम्हांला बरोबर येऊ नका म्हणून त्यांनी बजावले आहे.